डोंगरावरून माहेर

बोर्ली पंचतनला बदली झाली तेव्हा मी आधी नकाशा उघडून समुद्र किती जवळ आहे ते बघितलं. मी अलिबागची. समुद्राचं अप्रूप असण्याचं कारण नव्हतं, पण मला धावायला मोकळी, सपाट जागा हवी होती आणि दिवेआगरची वाळूची पुळण त्याला झकास होती. बँकेच्या शाखेजवळच एका घराचा वरचा मजला भाड्यानं मिळाला. खाली मालकीणबाई एकट्याच राहायच्या. नवरा कुवेतला, मुलगी लग्न होऊन पनवेलला. पन्नाशीच्या, उंच, आणि चालताना जरा पुढं झुकून चालणाऱ्या, जणू कायम समोरून वारा येतोय. आळीतले सगळे त्यांना भाभी म्हणायचे, म्हणून मीही भाभीच म्हणू लागले.

सकाळची नमाज झाली की त्या पडवीत चहा घेऊन बसायच्या. त्याच वेळी मी पायरीवर बुटांच्या नाड्या बांधत असायचे. बरेच दिवस त्यांनी नुसतं बघितलं. मग एकदा विचारलं, "बाय, रोज धावत जातेस ती कुठं?"

"कुठंच नाही. पुळणीच्या टोकापर्यंत जाते आणि परत येते."

"म्हंजे पोचायचं न्हाय कुठं?"

"नाही."

त्यांनी कपातला चहा बशीत ओतला. "मग त्या डोंगरावर का जात न्हायस? तिथून निदान पल्याडचं दिसंल."

गावाच्या पूर्वेला तो डोंगर होता. रोज धावताना माझी त्याच्याकडे पाठ असायची, त्यामुळे मी तो कधी नीट बघितलाच नव्हता. पलीकडे काय आहे, असं मी विचारलं.

"माझं माहेर," भाभी म्हणाल्या.

माहेर खाडीकाठी होतं. रस्त्यानं जायचं तर एसटीनं म्हसळ्याला, तिथं गाडी बदलून पुन्हा मागं खाडीच्या कडेकडेनं. गाडी चुकली की दिवस गेला. डोंगरावरून मात्र ते गाव सरळ पाठीमागं होतं. त्यांची दादी, म्हणजे वडिलांची आई, बोर्लीचीच. लग्न झाल्यावर ती डोलीत बसून डोंगरावरून सासरी गेली होती. "आणि मी उलटी आले," भाभी म्हणाल्या, "जीपमधून. म्हसळ्याच्या वळणांवर ओकत."

"ती वाट अजून आहे?"

"कुणाला ठाऊक."

ह्या दोन शब्दांनी माझ्या डोक्यात घर केलं. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी फोनवर उपग्रहाचा नकाशा मोठा करून बघितला. बोर्लीच्या बाजूनं एक बारीक रेघ वर जात होती. खाडीच्या बाजूनंही एक रेघ वर येत होती. मधे नुसतं हिरवं.

पुढच्या रविवारी मी एकटीच गेले. आंब्याच्या बागा संपल्या की आदिवासी वाडी लागते आणि तिथून गुरांची वाट चढू लागते. मला वाटलं होतं, पुळणीवर न थांबता धावणारी मी हा डोंगर सहज काढीन. पहिल्याच चढावर भाता फुलावा तशी छाती फुलली. डोंगरातलं धावणं हे बरंचसं चालणंच असतं हे मला तिथं कळलं. चढाला गुडघ्यांवर हात दाबत चालायचं, सपाटी आली की पळायचं, आणि उताराला दुसरं काही न बघता फक्त पाऊल कुठं पडतंय ते बघायचं. पायाखाली जांभ्याचे सुटे खडे होते, गोट्यांसारखे निसटणारे. दोनदा घसरून बसले. वर मात्र लांबच लांब सडा लागला, काळपट तांबड्या कातळाचा, आणि त्यावर वाऱ्यानं एकाच बाजूला विंचरलेलं गवत. सड्याच्या टोकाला एक उंचवटा होता. तोच माथा.

पश्चिमेला दिवेआगरच्या सुरूंची काळी रेघ आणि तिच्यापुढं समुद्र. इतक्या उंचावरून तो आडवा वाटतच नव्हता, उभा वाटत होता, क्षितिजापर्यंत चढत गेलेला. उत्तरेला दिघी बंदराच्या क्रेन आणि त्यापलीकडे पाण्यात बसलेला जंजिरा. एवढं सगळं अपेक्षेप्रमाणेच होतं. मग वळले, आणि पूर्वेची खाडी बघून तिथंच खाली बसले. समुद्र निळा होता आणि खाडी शेवाळी. तिला फाटे फुटलेले, फाट्यांना आणखी फाटे, तिवरांच्या झाडीत घुसून दिसेनासे झालेले. काठाकाठानं गावं होती. कुठं मिनार, कुठं कळस, कुठं दोन्ही. त्यातलं भाभींचं गाव कुठलं ते मला कळेना. मी सगळ्यांचेच फोटो काढले.

संध्याकाळी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांचे हात तांदळाच्या पिठानं भरले होते, ते धुऊन, पदराला पुसून त्यांनी फोटो मोठा केला. बोट इकडे तिकडे फिरलं. "हा आमचा मिनार. न्हाय, हा न्हाय. हा. ही बग चिंच. घर चिंचंच्या मागं, तिनंच झाकलंय." मग मान वर न करता विचारलं, "अम्मा दिसली काय?"

"इतक्या लांबून माणूस दिसत नाही, भाभी."

"मना ठाऊक हाय. तरी विचारलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नाड्या बांधत होते तर त्या पडवीत तयार होऊन उभ्या होत्या. सलवार-कमीज, ओढणी पिनांनी घट्ट लावलेली, पायांत मुलीनं पनवेलहून पाठवलेले, खोक्यातच पडून राहिलेले बूट. डॉक्टरांनी साखरेसाठी चालायला सांगितलं होतं आणि त्या गच्चीवर फेऱ्या मारत होत्या, हे मला तेव्हा कळलं. पुळणीवर ओढून ठेवलेल्या होड्यांवरून आम्ही अंतर ठरवलं. एका होडीपासून दुसऱ्या होडीपर्यंत धावायचं, तिथून पुढच्या होडीपर्यंत चालायचं. सुरुवातीला लोक थांबून बघायचे. त्यांच्या एका नात्यातल्या बाईनं वाटेत गाठून विचारलं, "ह्या वयात धावतेस ती? कोण पाठी लागलाय?"

"साखर," भाभी म्हणाल्या आणि थांबल्या नाहीत.

दिवाळी झाल्यावर आम्ही दोघी पहिल्यांदा माथ्यावर गेलो. भाभींना चढायला माझ्यापेक्षा बराच वेळ लागला, पण त्या मधे कुठं बसल्या नाहीत. वर पोचल्यावर त्यांनी समुद्राकडे ओझरतं बघितलं आणि सरळ पूर्वेच्या टोकाला गेल्या. तिथून एक पायवाट खाली खिंडीत उतरत होती. तिच्यावरून आम्ही धावत सुटलो. खिंडीत कारवीचं रान होतं, डोक्याच्याही वर. वाट त्यात शिरली आणि हरवली. आम्ही एकमेकींचा हात धरून कारवी बाजूला सारत पुढं गेलो, तर समोर झाडांचे शेंडे आले. म्हणजे पायाखालची जमीनच संपली होती. कडा होता.

भाभी कड्यापासून दोन पावलं मागं उभ्या राहून खाली बघत राहिल्या. "इथनं डोली कशी गेली असंल?"

आम्ही परत फिरलो. उतरताना त्या सारख्या वळून कड्याकडे बघत होत्या. मला वाटलं हिरमुसल्या. पण वाडीजवळ आल्यावर म्हणाल्या, "आपण चुकीच्या टोकानं बगतोय. पुढच्या जुम्म्याला भावाच्या घरी साखरपुडा हाय. मी तिकडनं चढते."

आणि चढल्या. साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी, भावाला बरोबर घेऊन. भाऊ वाटेत सतत विचारत होता की वर आहे काय. त्यांनी एक जुनी लाल ओढणी फाडून पट्ट्या केल्या होत्या आणि वाट जिथं संशयाची वाटेल तिथं झाडाला एकेक पट्टी बांधत गेल्या. अर्ध्याहून अधिक चढ झाल्यावर भावाची चप्पल तुटली आणि त्याला निमित्त मिळालं. शेवटची पट्टी त्यांनी तिथं बांधली.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही माथ्यावर बसून खालच्या झाडीत लाल रंग शोधला. मी समोर बघत होते, कड्याच्या तळाशी. भाभी मात्र उजवीकडे, दक्षिणेला, बघत होत्या. "ती बग," त्या म्हणाल्या. मला काही दिसेना. त्यांनी माझी हनुवटी धरून वळवली. फार दूर, डोंगराच्या एका खांद्यावर, लाल ठिपका हलत होता. वाट कड्यावरून उतरतच नव्हती. ती सड्याच्या टोकाला जाऊन खांद्याला वळसा घालून, सावकाश, डोली हलू नये अशी उतरत होती. आम्ही सरळ जायला बघत होतो, एवढंच चुकलं होतं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला, गवत वाळून बसल्यावर, आम्ही निघालो. बेत असा होता की डोली-वाटेनं पलीकडे उतरायचं, अम्माला भेटायचं आणि येताना दुसऱ्या बाजूनं, चिऱ्यांच्या खाणीवरून चढून बोर्लीत उतरायचं. पूर्ण फेरा. माझ्या पाठपिशवीत पाणी, खजूर आणि मीठ घातलेलं कोकमाचं पाणी. भाभींच्या पिशवीत अम्मासाठी गेल्या उन्हाळ्यात वाळवलेलं हापूसचं साठ. माहेरी कुणाला सांगायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. "सांगितलं तर अम्मा रातभर जागी ऱ्हाईल," म्हणाल्या.

सड्यावर आम्ही चांगल्या धावलो. खांद्याच्या वळणावर पहिली पट्टी मिळाली आणि आम्ही दोघी तिथं उभ्या राहून तिच्याकडे बघत राहिलो. पट्टीखाली झाडाच्या बुंध्याला कुणीतरी हळदकुंकू लावलं होतं. पुढं एक अगरबत्तीची काडी आणि फोडलेला नारळ.

"हे तुम्ही?" मी विचारलं.

"मी कशाला करू? कुणी लाकडाला आलं असंल, बगितलं असंल, वाटलं असंल इथं काय तरी हाय." त्यांनी ओढणी नीट केली. "आता सोडायची कशी? ऱ्हाऊ दे."

त्याच्या खाली दाट झाडी सुरू झाली. उतार ओला नव्हता, पण पाचोळ्याखाली दगड लपलेले होते, त्यामुळे धावणं म्हणजे उड्या मारणंच चाललं होतं. एका वळणाला माझा हात वाळक्या शेंगांना घासला आणि क्षणात कोपरापर्यंत आग झाली. खाजकुयली. भाभींनी मला खाजवू दिलं नाही. वाटेवरची बारीक माती हातावर चोळली, मग पाणी ओतलं. आग कमी झाली, गेली नाही.

तिथंच उभ्या असताना मला खाली काहीतरी पांढरं दिसलं. एका उंच झाडाखाली, पाचोळ्यावर, काटे पडले होते. माशांचे काटे. डोकी, जबड्यांची हाडं, माकुलाचं पांढरं कवच, आणि एका सापाचा पूर्ण कणा, मण्यांच्या माळेसारखा. डोंगराच्या उंच अंगावर, समुद्र दिसतही नव्हता अशा जागी. मी काडीनं उलटंपालटं करून बघितलं. साप समुद्रातला होता, शेपटीचं हाड चपटं होतं.

"इथं मासे कोण आणून खातो?" मी विचारलं.

भाभींनी वर बघितलं. झाडाच्या शेंड्याजवळ फांद्यांची एवढी मोठी मोळी होती की मला आधी ती वाळलेली फांदीच वाटली. "काकण," त्या हळूच म्हणाल्या. समुद्रावर फिरणारा पांढऱ्या पोटाचा मोठा गरुड. त्याच्या घरट्यातून खाली पडलेलं ते सगळं उष्टं होतं. आम्ही बोलत होतो तेवढ्यात वरून बदकासारखा, चिडका आवाज आला. आम्ही तिथून निघालो. पुढच्या वळणापर्यंत मी मागं वळून बघत होते आणि एका मुळाला अडखळून पडले.

खाली गाव आलं तेव्हा भाभींचा वेग वाढला. मला त्यांना गाठता येईना. गुरांचे गोठे, मग मशिदीची मागची भिंत, मग ती चिंच. चिंचेखाली चटई टाकून एक म्हातारी बसली होती, पांढरी ओढणी डोक्यावरून घेतलेली, अगदी लहानखुरी. चिंचा फोडून चिंचोके वेगळे करत होती. मुलगी मागच्या बाजूनं, झाडीतून, धापा टाकत आली हे तिनं बघितलं आणि हातातली चिंच खाली ठेवली.

"कुठल्या गाडीनं आलीस?"

"गाडीनं न्हाय अम्मा. डोंगरावरनं."

अम्मानं तिच्या बुटांकडे बघितलं. सलवारीला चिकटलेल्या कुसळांकडे, गुडघ्यापर्यंतच्या लाल धुळीकडे, मग माझ्याकडे. मग आमच्या मागं, आणखी कुणी येतंय का ते. तिचा चेहरा पडला.

"भांडून आलीस?"

"न्हाय ग."

"त्यानं कायतरी केलं? खरं सांग. फोनवर कायतरी बोलला?"

"अम्मा, काय झालेलं न्हाय. मी धावत आले."

"धावत माहेरी कोण येतं?" अम्मा म्हणाली. "उगाच कोण येतं?"

भाभी हसायला लागल्या, आणि हसता हसता चटईवर बसून रडायला लागल्या. त्यामुळे अम्माची खात्रीच झाली. मी मधे पडले, मी कोण ते सांगितलं, बँकेचं सांगितलं, साखरेचं सांगितलं, सगळं उलटसुलट. शेवटी भाऊ बाहेर आला आणि ओढणीच्या पट्ट्यांची हकिकत त्यानंच सांगितली. अम्मानं ती पूर्ण ऐकली. मग मुलीच्या पायाला हात लावून बघितला, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, कुठं मोडलंय का बघावं तसा.

तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण आलं. आम्ही हावरटासारख्या जेवलो. अम्मा समोर बसून बघत होती. ती स्वतः त्या डोंगरावर कधी गेली नव्हती. सगळं आयुष्य तिनं तो परसातून बघितला होता. मी तिला फोनवर माथ्यावरचे फोटो दाखवले. तिनं फोन डोळ्यांजवळ धरला, मग लांब धरला.

"इथंच डोली ठेवली असंल," ती म्हणाली.

"कुणाची?"

"सासूची. ती सांगायची मना. बोर्लीपासून वरपर्यंत रडली. भोई दमले म्हणून माथ्यावर डोली खाली ठेवली. वारा जोराचा, पडदा उडाला. तर तिनं बगितलं."

"दोन्ही गावं?" मी विचारलं.

"गावं कुठली. दर्या." अम्मानं हात लांब फिरवला. "दर्याकाठी वाढलेली, पण पडद्यातली. घराच्या फटीतनं जेवढा दिसंल तेवढाच बगितलेला. वरनं सगळा एकदम दिसला. ती म्हणायची, मी रडायचंच विसरले. भोयांनी पडदा लावला तरी परत उचलून बगत होती. सासरी आली तर सगळ्या बाया विचारतात, रडलीस का ग, आणि ही त्यांना सांगतेय दर्या केवढा हाय."

भाभींनी ही गोष्ट कधी ऐकली नव्हती. "मना का न्हाय सांगितलंस?"

"तू कधी विचारलंस डोंगराचं?"

निघताना अम्मानं एसटीनंच जायचा हट्ट धरला. भाभी तिच्यापेक्षा हट्टी. मग अम्मानं केळीच्या पानात सांदणं बांधून दिली, तांदळाची, गोड, अजून कोमट. ती पिशवीत वर ठेवायची, चेपू द्यायची नाहीत. भाऊ खाणीच्या वाटेपर्यंत सोडायला आला, ह्या वेळी बूट घालून.

परतीचा चढ वाईट होता. ऊन डोक्यावर आलं होतं आणि त्या बाजूला झाड नव्हतं, नुसता कापलेला डोंगर. चिऱ्यांच्या खाणीच्या पायऱ्यापायऱ्यांच्या भिंती, त्यातून परतणारी धग. भाभींच्या पोटरीत गोळा आला. त्या खाली बसल्या आणि पहिल्यांदाच म्हणाल्या, "बाय, जमंल ना?" मी त्यांची पोटरी चोळली, उरलेलं कोकमाचं पाणी पाजलं. खरं तर मलाही खात्री नव्हती. ट्रकवाल्यांना सांगून खाणीतूनच बोर्लीला जावं का, असं मी विचारलं. त्यांनी बराच वेळ खाणीच्या तळाशी उभ्या असलेल्या ट्रककडे बघितलं.

"त्यात बसले तर घरी पोचेन," त्या म्हणाल्या. "पण वाट माझी न्हाय होणार."

मग आम्ही चालत चढलो, थांबत थांबत, मी पुढं आणि त्यांचा हात माझ्या पिशवीच्या पट्ट्याला. वर खाणीचा रस्ता सड्याला भिडतो तिथं समुद्र पुन्हा समोर आला. भाभी थांबल्या. आजवर त्यांनी तो ओझरताच बघितला होता. आता उभ्या राहून, तोंडानं श्वास घेत, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट बघितला. एक मोठं जहाज दिघीकडे येत होतं. ते जवळ येतंय की नाही हे कळायला खूप वेळ लागला. तोवर आम्ही एकेक सांदण खाल्लं. वरची थोडी चेपली होती.

खाली उतरणारा ट्रकचा रस्ता रुंद, धुळीचा आणि सरळ. पोटरी सैल झाली होती. भाभींनी ओढणी पुन्हा पिनेनं लावली आणि धावायला लागल्या. दोन्ही हात बाजूला काढून, लहान मुलं विमान करतात तसे. मी मागून धावत होते आणि त्यांनी उडवलेली लाल धूळ खात होते. बागांपर्यंत त्या थांबल्या नाहीत.

त्या दिवशी त्यांच्या अंगठ्याचं नख काळं झालं. पुढं ते गळून पडलं. आळीतल्या बायका ते बघायला आल्या आणि वाट कुठून जाते ते विचारून गेल्या. दोघी पुढं पुळणीवर येऊही लागल्या. कुवेतहून नवऱ्याचा फोन आला तेव्हा भाभींनी त्याला सगळं सांगितलं. मग त्यानं विचारलं, वरून बंदर दिसतं का. बोर्लीत इतकी वर्षं काढूनही तो कधी डोंगर चढला नव्हता. सुट्टीवर आल्यावर आपणही येणार असं त्यानं कबूल केलं.

माझी आता पेणला बदली झाली आहे. भाभी महिन्यातून एकदा फेरा पूर्ण करतात, कधी कुणाबरोबर, कधी एकट्या. पावसाळ्यात नाही, आणि काकणाची पिल्लं असतील तेव्हा त्या झाडाला लांबून वळसा घालून. मागच्या एप्रिलात त्यांचा माथ्यावरून फोन आला. वाऱ्यामुळे अर्धं ऐकू येत नव्हतं.

"बाय, इथं कातळात एक डबकं हाय. परातीएवढं. तू बगितलंस कधी?"

"नाही."

"एवढ्या उन्हात आटलेलं न्हाय. आणि आत बेडूक हाय. वर झरा न्हाय, झाड न्हाय, काय न्हाय. पाणी येतं कुठनं? आणि हा बेडूक चढला कसा?"

मला माहीत नव्हतं. तसं मी सांगितलं.

"मग ये एकदा," त्या म्हणाल्या. "दोघी बगूया."